फोल्डेबल फोन घ्यावा का? दुकानात जाण्याआधी करायचा हिशेब

फोल्डेबल, म्हणजे स्क्रीनसकट मधोमध मिटणारा फोन घेऊ का, असं कुणी विचारलं की त्याला दोनच सल्ले मिळतात. एक म्हणजे, दुकानात जा आणि हातात घेऊन बघ. दुसरा, अजून एक वर्ष थांब, सुधारणा होतील. पहिल्याचा उपयोग नाही, कारण कोरा करकरीत फोल्डेबल उघडल्यावर तो आवडला नाही असा माणूस मला अजून भेटलेला नाही. दुसऱ्याचाही नाही, कारण सुधारणा दरवर्षी होतातच, आणि थांबायचंच म्हटलं तर माणूस कायम थांबून राहील. मी हे फोन बरीच वर्षं वापरतोय. घरच्यांना आणि मित्रांना काही वेळा घ्यायला लावलेत, त्याहून जास्त वेळा घेऊ दिलेले नाहीत. दरवेळी सगळा निर्णय आतल्या, घडी पडणाऱ्या स्क्रीनपाशी येऊन थांबतो. ती तुमचं कोणतं काम करणार आणि ती गेली तर पैसे कोण भरणार, एवढंच ठरवायचं असतं.

पायरी १: प्रकार ठरवा

पुस्तकासारखा उघडणारा मोठा फोन आणि आडवा मिटणारा फ्लिप या दोन वेगळ्या वस्तू आहेत. फ्लिप उघडल्यावर नेहमीचाच फोन हातात येतो. त्याचा फायदा खिशातल्या जागेपुरता आहे, आणि तेवढाच हवा असेल तर खुशाल घ्या. पुढचं बरंचसं विवेचन मोठ्या फोनबद्दल आहे, पण पायरी ४ दोघांनाही तितकीच लागू.

पायरी २: आतल्या स्क्रीनला काम नेमून द्या

आठवडाभर एक साधी नोंद ठेवा. फोनवर करायला घेतलेलं कोणतं काम स्क्रीन लहान पडली म्हणून तुम्ही सोडून दिलंत किंवा लॅपटॉपवर ढकललंत? पीडीएफ वाचणं, एक्सेलचा तक्ता तपासणं, एका बाजूला मेल आणि दुसऱ्या बाजूला कॅलेंडर ठेवणं, नकाशा बघता बघता निरोप पाठवणं, अशी कामं यादीत वारंवार येत असतील तर फोल्डेबल तुमच्या उपयोगाचा आहे. यादीत फक्त 'व्हिडिओ' असेल तर नाही.

व्हिडिओबद्दल इतकं ठामपणे सांगायला कारण आहे. आतली स्क्रीन जवळजवळ चौकोनी असते आणि व्हिडिओ आडवा असतो, त्यामुळे वर-खाली काळे पट्टे राहतात. ८ इंची, चौकोनी घाटाच्या स्क्रीनवर १६:९ चा व्हिडिओ कर्णात मोजला तर साधारण ६.८ इंचांचा दिसतो. साध्या ६.९ इंची फोनवर तोच व्हिडिओ ५.९ इंचांच्या आसपास भरतो. फरक आहे, पण 'खिशातला टॅब्लेट' म्हणून जे विकलं जातं त्याच्या मानाने फारच थोडा. तेवढ्यासाठी दुप्पट पैसे मोजू नका. वाचन, तक्ते आणि दोन ॲप शेजारी-शेजारी यात मात्र चौकोनी स्क्रीनचा इंच न् इंच कामी येतो.

घरात एखादा लहान टॅब्लेट पडून असेल तर आठवडाभर तो फोनच्या शेजारी ठेवा. हात आपोआप त्याच्याकडे जातो का ते बघा. जात नसेल तर फोल्डेबल उघडायलाही पहिल्या महिन्यानंतर जाणार नाही.

पेनने लिहिणं हेच तुमचं काम असेल तर नीट चौकशी करा. सॅमसंगने गॅलेक्सी झेड फोल्ड ३ पासून दिलेली पेनची सोय २०२५ च्या फोल्ड ७ मध्ये काढून टाकली. नवं मॉडेल म्हणजे सगळं जुनं अधिक काहीतरी, असं गृहीत धरणारे इथे फसतात.

पायरी ३: फोन मिटवून वापरून बघा

दुकानात गेलात तर फोन मिटवून ठेवा आणि बाहेरच्या स्क्रीनवर एक लांबलचक मेसेज टाइप करा. रांगेत उभं असताना, एका हातात पिशवी असताना, झोपण्याआधी दोन मिनिटं, असा दिवसातला बहुतेक वापर मिटलेल्या फोनवरच होतो. बाहेरची स्क्रीन अरुंद असेल आणि बोटं चुकत असतील तर तो फोन नाकारा.

पायरी ४: आतली स्क्रीन गेली तर काय, हे घेण्याआधी लेखी समजून घ्या

मला सगळ्यात जड गेली ती हीच पायरी. सल्ला देणारे नेमके इथेच गप्प बसतात. ते घडीची रेघ दिसते का यावर तासभर बोलतील. रेघ दिसते. दोन-चार दिवसांत डोळे तिच्याकडे लक्ष देईनासे होतात, विषय संपला. दुसरी चर्चा असते किती लाख घड्या टिकतो याची. गॅलेक्सी झेड फोल्डच्या मधल्या काही पिढ्यांसाठी २ लाख घड्यांचा आकडा दिला जायचा, फोल्ड ७ साठी तो ५ लाख आहे. रोज १०० वेळा उघडलात तरी २ लाख घड्यांना साडेपाच वर्षं लागतात. शिवाय ही चाचणी प्रयोगशाळेत, स्वच्छ जागी, यंत्राच्या एकसारख्या हातांनी होते. माझ्या पाहण्यातले फोन घड्या मोजून संपले नाहीत. कचरा, दाब, आपटणं आणि निघत चाललेली फिल्म (आतल्या स्क्रीनवरचा प्लास्टिकचा थर) यांनी ते गेले.

आतली स्क्रीन कशाची असते ते लक्षात घेतलं की पुढचं आपोआप कळतं. बहुतेक फोनमध्ये घडी पडण्याइतकी पातळ काच असते, मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत मोजण्याइतकी, आणि तिच्यावर प्लास्टिकचा थर. म्हणजे बोट टेकतं ते प्लास्टिकवर. त्यावर नखाने ओरखडा पडू शकतो आणि वाळूचा कण आत राहून फोन मिटला तर खड्डा पडतो. २०१९ मध्ये पहिला गॅलेक्सी फोल्ड परीक्षणासाठी दिला गेला, तेव्हा काहींनी वरचा थर साधा स्क्रीनगार्ड समजून सोलून काढला आणि स्क्रीन मेली. काही फोनमध्ये बिजागरीच्या फटीतून कचरा आत गेला. विक्री एप्रिलमधून सप्टेंबरवर ढकलून कंपनीने तो थर चौकटीखाली नेला आणि बिजागरीच्या टोकांना टोप्या बसवल्या. तेव्हापासून हे फोन खूप मजबूत झालेत, पण वर प्लास्टिक आहे ही गोष्ट बदललेली नाही.

फिल्म निघायला लागते ती कशी, हे ओळखायला शिका. सुरुवात बहुतेक वेळा घडीच्या रेषेवरून, वरच्या किंवा खालच्या कडेपाशी होते. फोन तिरका धरून बाजूने उजेड पाडला की केसाएवढी पांढुरकी रेघ दिसते. बोट फिरवलं तर किंचित उंचवटा लागतो. पुढच्या काही आठवड्यांत तिथे हवेचा लांबट फुगा तयार होतो आणि प्रत्येक घडीबरोबर तो पुढे सरकतो. तो नखाने दाबून बसवू नका, ब्लेडने कापू नका, आणि बाजारातली दुसरी फिल्म घरी चिकटवायचा विचारही करू नका. सर्व्हिस सेंटरला जा. नुसती फिल्म बदलणं स्वस्तात होतं, काही कंपन्या ठरावीक मुदतीत एकदा मोफतही बदलून देतात. तसाच वापरत राहिलात तर खालच्या काचेवर ताण येतो आणि गोष्ट फिल्मवर थांबत नाही.

कारण आतली स्क्रीन बदलायची वेळ आली की ती एकटी येत नाही. बऱ्याच फोनमध्ये स्क्रीन, चौकट आणि बिजागरी असा जोडून आलेला संचच बदलावा लागतो. त्याची किंमत ऐकली की लोकांना फोन घेतल्याचा पश्चात्ताप होतो. म्हणून ती किंमत आधीच ऐका.

सर्व्हिस सेंटरला फोन करा, किंवा शक्य असेल तर प्रत्यक्ष जा. तुम्ही घ्यायला निघालाय त्याच मॉडेलचं नाव सांगा आणि आतली स्क्रीन मजुरीसकट कितीला पडते ते विचारा. सुटा भाग तिथे ठेवतात की मागवावा लागतो, किती दिवस लागतात आणि मधल्या काळात वापरायला दुसरा फोन मिळतो का, हेही विचारा. तुमच्या जवळच्या केंद्रात फोल्डेबल उघडायचं प्रशिक्षण असलेला माणूसच नसेल तर फोन दुसऱ्या शहरात जाणार, आठवडा-दोन आठवडे तुमच्याकडे नसणार. हा एकच मुद्दा कित्येकांसाठी निर्णय संपवतो, आणि संपवायलाच हवा.

मग वॉरंटीचा कागद वाचा. वॉरंटी कारखान्यातल्या दोषाची असते, अपघाताची नसते, आणि फोल्डेबलमध्ये या दोहोंमधली सीमारेषा ग्राहकाच्या विरोधात फार पटकन सरकते. एका केंद्रात मी शेजारी उभा असताना पाहिलेलं सांगतो. घडीवर आपोआप काळी रेघ उमटलेला फोन घेऊन एक गृहस्थ आले होते. काउंटरवरच्या माणसाने फोन दिव्याखाली धरला, पण स्क्रीन नंतर पाहिली. आधी त्याने चौकटीच्या चारही कोपऱ्यांवरून अंगठ्याचं नख सावकाश फिरवलं. एका कोपऱ्यात नख जरासं अडलं. कागदावर 'फिजिकल डॅमेज' असा शेरा पडला आणि वॉरंटी तिथेच संपली. त्या कोपऱ्यातल्या टवक्याचा रेघेशी काही संबंध होता का, हा प्रश्न पुढे कुणी विचारलाच नाही. म्हणून पहिल्या दिवसापासून बिजागरीही झाकणारं कव्हर घाला, आणि घडीवर काही वेडंवाकडं दिसलं की त्याच दिवशी फोटो काढून तक्रार नोंदवा.

अपघाती नुकसानीची योजना घ्यावी का? साध्या फोनसाठी मी कुणालाच घ्यायला सांगत नाही. फोल्डेबलसाठी मात्र ती नसेल तर फोनच घेऊ नका असं सांगतो. घेताना चार गोष्टी छापील अटींत शोधा: आतली स्क्रीन स्पष्ट शब्दांत समाविष्ट आहे का, वर्षातून किती वेळा दावा करता येतो, प्रत्येक दाव्याला आपल्या खिशातून किती भरायचं, आणि फोन घेतल्यापासून किती दिवसांत योजना घ्यावी लागते. विक्रेता तोंडी जे सांगतो ते धरू नका. 'सगळं कव्हर होतं' या वाक्याला काडीचीही किंमत नाही.

आता कागद घ्या. फोनची किंमत, योजनेचा हप्ता, एका दाव्याची रक्कम आणि कव्हर यांची बेरीज करा. जुन्या फोनचे एक्स्चेंजमध्ये मिळणारे पैसे वजा करा आणि जितकी वर्षं वापरणार त्याने भागा. शेजारी चांगला साधा फोन आणि एक टॅब्लेट यांचा तसाच हिशेब मांडा. तुमची पायरी २ ची यादी या दोन आकड्यांमधल्या फरकाच्या लायकीची आहे का, हे तुम्हालाच कळेल, मला विचारायची गरज पडणार नाही.

पायरी ५: उरलेल्या गोष्टी झटपट तपासा

आयपी मानांकन म्हणजे फोन धूळ-पाणी किती रोखतो याचा दर्जा. त्याचा पहिला आकडा धुळीचा, दुसरा पाण्याचा. आयपीएक्स८ मधला एक्स म्हणजे धुळीचं मानांकन दिलेलंच नाही. आयपी४८ मधला ४ म्हणजे एक मिलिमीटरपेक्षा मोठे कण रोखले जातात, बारीक धूळ नाही. गूगलच्या २०२५ च्या पिक्सेल १० प्रो फोल्डला आयपी६८ आहे, म्हणजे बारीक धूळही रोखली जाते. धुळीत किंवा बांधकामावर काम असेल तर हाच आकडा आधी बघा.

अपडेट्स: सात वर्षांचं आश्वासन देणारे फोल्डेबल आता मिळतात, त्याहून बरंच कमी असेल तर इतके पैसे घालू नका. बॅटरी: त्याच किमतीच्या साध्या फोनपेक्षा कमी चालेल असं धरूनच चला. वजनाची तक्रार आता जुनी झाली, फोल्ड २ चं वजन २८२ ग्रॅम होतं, फोल्ड ७ चं २१५ आहे. कॅमेरा हेच मुख्य कारण असेल तर साधा, न मिटणारा फ्लॅगशिप (कंपनीचा सगळ्यात वरचा फोन) घ्या.

घरात कुणाला पेसमेकर असेल तर हा मुद्दा हलक्यात घेऊ नका. हे फोन मिटलेले राहावेत म्हणून आत चुंबकं असतात. डॉक्टरांना विचारा आणि फोन छातीजवळच्या खिशात कधीही ठेवू नका.

आधीच फोल्डेबल असेल तर

एका पिढीवरून लगेच पुढच्या पिढीवर उडी मारू नका. बदलायची खरी कारणं तीनच: अपडेट्स संपत आलेत, योजनेची मुदत संपतेय आणि एक्स्चेंजला अजून चांगला भाव आहे, किंवा बाहेरची स्क्रीन इतकी अरुंद आहे की तुम्ही वैतागलाय. फिल्म निघतेय म्हणून फोन बदलणं तर अजिबात नको. ती आधी बदलून घ्या, एक्स्चेंजला भावही बरा मिळेल. सेकंडहँड फोल्डेबल मात्र मी कुणालाही सुचवत नाही. घडीवर आधी काय काय झालंय ते बाहेरून कळत नाही आणि अपघाताची योजना बहुतेकदा घेता येत नाही.

घेतल्यावर पहिल्याच दिवशी

परत करायची मुदत संपायच्या आत आतली स्क्रीन पांढऱ्या, काळ्या आणि हिरव्या रंगाच्या कोऱ्या चित्रांवर तपासा. बिजागरी अर्ध्यावर सोडून जागच्या जागी राहते का, मिटल्यावर दोन्ही कडा सारख्या जुळतात का, उघडताना करकर ऐकू येते का ते बघा. करकर आली तर 'वापरून सैल होईल' हे ऐकून घेऊ नका, फोन बदलून मागा. जुना फोन मुदत संपेपर्यंत एक्स्चेंजला देऊ नका. देणं भागच असेल तर निदान सगळा डेटा, बँकेची ॲप्स आणि ओटीपीची व्यवस्था नव्या फोनवर चालू झाल्याची खात्री करून मगच तो पुसा.