बाळासाठी स्लिंग की कॅरियर: घेण्याआधी काय तपासायचं

बाळाला अंगाशी बांधून न्यायचं कॅरियर बघताना नजर आधी खिशांवर, जाड गादीवर आणि ‘सहा प्रकारे वापरा’ या जाहिरातीवर जाते. खरी परीक्षा बाळाच्या बुडाशी होते. एका गुडघ्याच्या मागून दुसऱ्या गुडघ्याच्या मागपर्यंत कापड पोचलं पाहिजे आणि गुडघे बुडापेक्षा किंचित वर राहिले पाहिजेत, म्हणजे बाळ कडेवर बसतं तसं. बुडाखालची पट्टी चिंचोळी असेल तर पाय सरळ लोंबतात आणि भार जांघेत येतो. पहिल्या काही महिन्यांत खुब्याचा सांधा घडत असतो, म्हणून तेव्हा याकडे जास्त लक्ष हवं.

मान धरेपर्यंत रॅप (अंगाभोवती गुंडाळून बांधायचं लांब, ताणलं जाणारं कापड) किंवा कड्यांची स्लिंग (एका खांद्यावरून घेऊन दोन कड्यांतून ओवायचं कापड) बरी. रॅप साधारण ५ मीटरचं असतं. बाळ ८ किलोच्या आसपास गेलं की रॅपला झोळ येऊ लागतो, म्हणून ते फार महाग घेऊ नका. खांद्याचे पट्टे आणि कमरपट्टा असलेलं बकलवालं कॅरियर ‘साडेतीन किलोपासून’ म्हणत असलं तरी बसायची पट्टी लहान करता येते का, ते आधी बघा. सिझेरियन झालं असेल तर त्याचा कमरपट्टा टाक्यांवर दाबतो. अशा वेळी कड्यांची स्लिंग सोयीची.

या स्लिंगच्या कड्या अखंड हव्यात, जोड किंवा फट नको. पडद्याच्या कड्या तर नकोतच. घालताना कड्या खांद्याजवळ, उंच ठेवा, कारण बाळाचं वजन पडलं की त्या खाली सरकतात. नवखे लोक कड्यांतून लोंबणारं कापड एकदम ओढतात. मग मधलं कापड आवळतं, वरचा काठ सैल राहतो आणि बाळ मागे कलतं. वरचा काठ, मधला भाग, खालचा काठ असं एकेक ओढा. बाळाला घेण्याआधी चार किलो तांदळाची पिशवी घेऊन सराव करा.

बाळ आत बसलं की हनुवटी बघा. हनुवटी आणि छाती यांच्यात दोन बोटं मावली पाहिजेत. हनुवटी छातीला टेकली तर श्वास कोंडतो आणि तान्हं बाळ आवाजही करत नाही. पिशवीसारख्या, आडवं निजवायच्या स्लिंगमध्ये हाच धोका असतो. २०१० मध्ये अमेरिकेच्या ग्राहकसुरक्षा आयोगाने चार महिन्यांखालील बाळांबाबत सावध केलं होतं. चेहरा कायम दिसावा, मान न ताणता टाळूची पापी घेता यावी, एवढ्या उंचीवर बाळ असावं. वरून ओढणी टाकू नका. बाळ अपुऱ्या दिवसांचं किंवा कमी वजनाचं असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात गादीवालं पॉलिस्टर कॅरियर नकोच, पातळ सुती घ्या. कॅरियरचं कापडही कपड्यांचा एक थर धरून बाळाचे कपडे कमी करा आणि मधूनमधून मानेमागे हात लावून घाम बघा.

कॅरियर घालून गॅसपाशी उभं राहू नका, गरम चहाही नको. वाकायचं झालं तर कमरेतून न वाकता गुडघ्यांत बसा, एक हात बाळाच्या पाठीशी. स्कूटरवर तर कॅरियरचा काहीच उपयोग नाही: चार वर्षांखालच्या मुलाला दुचाकीवर नेताना कायद्याने लागतो तो सेफ्टी हार्नेस (मुलाला चालकाशी जोडणारा पट्टा) वेगळा.