बिडदी आणि म्हैसूर : मुक्काम एक की दोन?

बेळगाव, खानापूर किंवा निपाणीकडची कुटुंबे वंडरला आणि जीआरएस फँटसी पार्क ही दोन मनोरंजन उद्याने एकाच सहलीत पाहायचे ठरवतात, तेव्हा बहुधा बेंगळुरूच्या मॅजेस्टिक भागात एकच खोली घेऊन तिथूनच दोन्हीकडे जाण्याचा बेत आखतात. माझ्या मते तो टाळावा. वंडरला शहराबाहेर, म्हैसूर रस्त्यावर बिडदीजवळ सुमारे 28 किलोमीटरवर आहे आणि जीआरएस थेट म्हैसुरात, म्हणजे बेंगळुरूपासून जवळजवळ दीडशे किलोमीटरवर.

राणी चन्नम्मा एक्स्प्रेसने रात्रभर प्रवास करून सकाळी बेंगळुरूला उतरल्यावर त्याच दिवशी मुलांना पाळण्यांवर नेऊ नये. पहिला मुक्काम केंगेरी किंवा बिडदीत करावा, दुसऱ्या दिवशी वंडरला पूर्ण पाहावे आणि त्यानंतरची रात्रही तिथेच काढावी, कारण पाण्यातल्या खेळांनंतर भिजलेले कपडे आणि पेंगुळलेली मुले घेऊन पुढचा प्रवास फार जड जातो. तिसऱ्या दिवशी सामानासह म्हैसूर गाठावे. म्हैसूरहून बेळगावला थेट रेल्वे असल्याने परतीसाठी पुन्हा बेंगळुरूला यावे लागत नाही. खोली ठरवताना भाड्याआधी कपडे वाळवायला गॅलरी आहे का, हे अवश्य विचारावे.