शिक्षकाचे हात दिसू द्या: विशेष गरजा असलेल्या मुलांच्या शिक्षकांसाठी मोबाइलवर फिल्म कशी करावी

शिक्षकांसाठी फिल्म करायची ठरली की सुरुवातीला येतं ते ड्रोनमधून दिसणारं शाळेचं छत. मागोमाग बासरी, मग साहेबांचं मनोगत, मग 'दिव्यांगत्व म्हणजे काय' याची व्याख्या. मूल दिसतं चौथ्या मिनिटाला, तेही कुणाच्या तरी हातून गुलाबाचं फूल घेताना. बघणाऱ्या गुरुजींना जे हवं असतं ते या सगळ्यात कुठेच नसतं. त्यांचा प्रश्न साधा असतो: उद्या हे मूल माझ्यासमोर बसलं की मी नेमकं काय करू?

मी समावेशित शिक्षणाची विशेष शिक्षिका. नाशिक जिल्ह्यात सुरगाणा-पेठच्या बाजूला वाड्यापाड्यांवरच्या शाळांमध्ये फिरते. एका शाळेत माझी पुन्हा फेरी व्हायला बरेच दिवस जातात आणि मधल्या काळात मुलाला शिकवतात ते वर्गशिक्षक. मी दाखवलेलं त्यांच्या मोबाइलमध्ये राहावं म्हणून तीन-चार मिनिटांच्या फिल्म करते. हे काम कुणालाही जमण्यासारखं आहे. कॅमेरा शिक्षकाच्या कृतीवर ठेवायचा, मुलाच्या दुबळेपणावर नाही, एवढं एक धरलं की पुढचे बरेच निर्णय आपोआप होतात.

विषय एका कृतीएवढा

2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात दिव्यांगत्वाचे 21 प्रकार आहेत. 1995 च्या कायद्यात 7 होते. प्रशिक्षणात ही यादी सगळ्यांच्या वहीत उतरते. पण वर्गात असतं ते एक मूल, आणि त्याची अडचणही रोजची, ठरावीक असते. म्हणून 'स्वमग्नता: ओळख आणि उपाय' हा पुस्तकाचा विषय झाला. फिल्मचा विषय असा: 'मधल्या सुट्टीची घंटा झाली की कान झाकून कोपऱ्यात जाणाऱ्या मुलाला आता पुढे काय होणार हे क्रमाने लावलेल्या चित्रांच्या पट्टीवर कसं दाखवायचं.' विषय असा पूर्ण वाक्यात लिहून काढा. वाक्यात 'आणि' आला तर दोन फिल्म करा.

जे सांगून कळत नाही आणि बघितलं की लगेच कळतं, ते आधी घ्या. ब्रेल पाटी हे उत्तम उदाहरण. पाटीवर स्टायलसने टोचताना उजवीकडून डावीकडे जायचं, कागद उलटा केला की ठिपके वर येतात आणि डावीकडून उजवीकडे वाचायचं. हे तोंडी सांगितलं की भले भले शिक्षक गोंधळतात. वरून कॅमेरा लावून कागद अडकवणं, टोचणं, उलटणं दाखवलं की अर्ध्या मिनिटात डोक्यात बसतं. कर्णबधिर मुलाच्या वर्गाबद्दल मी मुलाच्या बाकावरून, त्याच्या डोळ्यांच्या उंचीवरून चित्रण करते. बाई फळ्याकडे वळून बोलत राहतात तो तुकडा पूर्ण निःशब्द ठेवते. एकही वाक्य समजावावं लागत नाही.

काही विषय मात्र मी घेत नाही. सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या इजेमुळे स्नायूंवर ताबा कमी) असलेल्या मुलाला बसवायचं कसं, भरवायचं कसं, हे एका मुलाचं बघून दुसऱ्यावर करण्यासारखं नाही. प्रत्येकाचं शरीर वेगळं, घास श्वासनलिकेत जाण्याची भीती वेगळी. तिथे फिजिओथेरपिस्टने त्याच मुलासाठी, त्याच्या पालकांना आणि शिक्षकांना समोर बसवून सांगायचं. रेकॉर्ड केलंच तर ते त्या घराचं आणि त्या वर्गाचं. बाकी कुणाला पाठवायचं नाही.

संमती घेताना

मूल कायद्याने 18 वर्षांपर्यंत लहान, म्हणून पालकांची लेखी संमती लागतेच. पण 'शैक्षणिक कामासाठी परवानगी देतो' अशा एका ओळीखाली अंगठा घेणं ही संमती नव्हे. आमच्याकडे बऱ्याच घरांत कोकणा बोलतात. त्यांच्याच बोलीत कुणाकडून तरी सांगून घ्या: काय चित्रित करणार, कोण बघणार, कुठे दाखवणार, किती दिवस ठेवणार, आणि उद्या नको वाटलं तर कुणाला सांगायचं. तयार फिल्म आधी आईवडिलांना दाखवा, नंतर बाकीच्यांना. अमुक भाग काढा म्हणाले तर कारण न विचारता काढा.

मुलालाही विचारायचं. बोलत नसेल तरी विचारायचं. फोन त्याच्या हातात द्या, त्याचाच एखादा तुकडा काढून त्याला दाखवा. तोंड फिरवलं, फोन ढकलला, तर त्या दिवशी चित्रीकरण नाही. आपण पंधरा किलोमीटर घाट चढून आलोय हे तरीही चित्रीकरण करण्याचं कारण नव्हे.

शौचाचे, अंघोळीचे, कपडे बदलण्याचे विषय मुलावर कधीच चित्रित करू नका. बाहुली किंवा चित्रं वापरा. मोठ्या माणसांनी दिव्यांग मुलाचं सोंग करणं हाही मार्ग नको, त्यात नक्कल होते आणि खोलीत हशा पिकतो. चौकटीत नाव, हजेरीपट, दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र, मागच्या भिंतीवर चिकटवलेली 'विशेष गरजा असलेले विद्यार्थी' ही यादी येत नाही ना, ते बघा. ती यादी भिंतीवर का असते, हा वेगळा विषय.

एक फिल्म पूर्ण: शर्टाचं बटण

बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलाला बटण लावायला शिकवणं, या एका फिल्मवर बाकीच्या बेतता येतील.

आधी कृतीचे तुकडे पाडा. कापड धरणं, बटण काजाजवळ नेणं, अर्धं काजात घालणं, पलीकडून चिमटीत पकडणं, ओढून बाहेर काढणं. आता उलट्या क्रमाने शिकवायचं. पहिले चार टप्पे शिक्षकाने करायचे आणि शेवटचं ओढणं फक्त मुलाने. काम त्याच्या हातून पूर्ण होतं, बटण लागलेलं त्याला दिसतं. हे जमलं की शेवटचे दोन टप्पे त्याचे, मग तीन. पहिल्या पायरीपासून सुरुवात केली तर मूल पाचव्यापर्यंत पोचतच नाही आणि रोज अर्धवट काम सोडून उठतं.

शिक्षकाने समोर बसायचं नाही, मागे किंवा बाजूला बसायचं. समोरून केलं की हातांची दिशा उलटी होते. बटण मोठं आणि काज सैल असलेला शर्ट घ्या, आणि तो मुलाच्या अंगावरच असू द्या. टेबलावर ठेवलेल्या कापडावर शिकलेलं अंगावर करताना पुन्हा गोंधळ होतो. मदत हळूहळू काढत जायची: हातावर हात, मग मनगटाला स्पर्श, मग कोपराला, मग नुसतं बोट दाखवणं, मग काहीच नाही.

या 'काहीच नाही' साठीच सगळी फिल्म असते. शिक्षक सूचना देतात आणि थांबतात. मनात दहापर्यंत मोजतात. मुलाचा हात सहाव्या-सातव्या आकड्याला हलतो, तोवर काहीही घडत नाही. संकलनाला बसलेला माणूस हे थांबणं सगळ्यात आधी कापतो. आमच्याकडचा मुलगा एरवी लग्नाचे व्हिडिओ करतो, हात चांगला आहे त्याचा, पण शांतता दिसली की त्याची बोटं शिवशिवतात. वर दोन दृश्यांच्या मध्ये बदामाच्या आकाराचं संक्रमण टाकायची हौस. त्याला शेजारी बसवून सांगावं लागतं की हीच जागा शिकवण्याची आहे. आता आम्ही कोपऱ्यात एक ते दहा आकडे बारीक दाखवतो. बघणाऱ्या शिक्षकांना थांबणं म्हणजे किती थांबणं हे त्यातून समजतं, आणि बहुतेकांना ते फार लांब वाटतं.

मूल नाही म्हणतं, शर्ट ओढतं, उठून जातं, असा एक प्रसंगही फिल्ममध्ये ठेवा, आणि त्यानंतर शिक्षकाने काय केलं तेही. सगळं सुरळीत दिसणारी फिल्म बघून शिक्षकांना वाटतं, हे सोप्या मुलाचं आहे, आमचं वेगळं आहे.

कॅमेरा आणि आवाज

मोबाइल आडवा, स्टँडवर. स्टँड नसेल तर पाठ्यपुस्तकांची चळत आणि रबरबँड. उंची मुलाच्या डोळ्यांइतकी. खिडकी तुमच्या पाठीशी हवी, मुलाच्या पाठीशी नको. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची. ट्यूबलाइटखाली सेकंदाला 30 चौकटींनी (फ्रेम) चित्रण केलं तर काही फोनवर चित्रात पट्टे सरकताना दिसतात. सेटिंगमध्ये 25 चौकटी किंवा शटर 1/50 वा 1/100 मिळत असेल तर ते घ्या, नाहीतर दिवे बंद करून दाराजवळच्या उजेडात बसा.

दोन फोन असतील तर एक पूर्ण प्रसंगावर आणि एक फक्त हातांवर, मुलाच्या खांद्यावरून. हा खांद्यावरचा कोन मला सगळ्यात उपयोगी वाटतो: चेहरा येत नाही आणि शिक्षकांना दिसतं ते अगदी त्यांना करायचं तसंच. तिसरा जुना फोन आवाज रेकॉर्ड करत शिक्षकाच्या खिशात. सुरुवातीला एक टाळी वाजवा, संकलनात आवाज आणि चित्र त्या टाळीवर जुळवता येतात. पंखा बंद. खिचडी शिजत असताना, पत्र्यावर पाऊस असताना चित्रीकरण नको. कॅमेऱ्याला मुलं सरावावीत म्हणून मी आधीच्या एक-दोन फेऱ्यांत स्टँड नुसताच उभा करून ठेवते.

मागे संगीत टाकू नका. करुण तर नकोच.

बघणाऱ्यांतही दिव्यांग शिक्षक असतात

हे आपल्याकडे सर्रास विसरलं जातं. अंध शिक्षक, कर्णबधिर शिक्षक त्याच प्रशिक्षणात मागच्या रांगेत बसलेले असतात. 'हे असं धरा, मग असं वळवा' हे निवेदन अंध शिक्षकाला निरुपयोगी. 'अंगठा आणि तर्जनीने बटणाची कड धरा, बटण उभं करा' असं बोला. डोळस शिक्षकांनाही तेच जास्त कळतं. तपासायची रीत: एकदा डोळे मिटून फिल्म ऐका, एकदा आवाज बंद करून बघा. दोन्ही वेळा कृती समजली पाहिजे.

मथळे (सबटायटल) मराठीत, एका वेळी दोनच ओळी, गडद पट्टीवर पांढरे, आणि हातांवर येणार नाहीत असे. यंत्राने आपोआप केलेले मराठी मथळे तसेच ठेवू नका, जोडाक्षरांची आणि नावांची वाट लागते. सेकंदाला तीनपेक्षा जास्त वेळा लखलखणारं काहीही नको, त्याने काहींना फिटचा झटका येऊ शकतो.

भारतीय सांकेतिक भाषा घालायची असेल तर दुभाषा डोक्यापासून कमरेपर्यंत दिसला पाहिजे, हात चौकटीबाहेर जाता कामा नयेत, कपडे एकरंगी आणि त्वचेच्या रंगाहून वेगळे. या भाषेला स्वतःचं व्याकरण आहे, मराठी वाक्याच्या शब्दाशब्दाला खुणा करून चालत नाही. दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राच्या 2021 च्या शब्दकोशात 10,000 शब्द आहेत, तो चाळून ठेवा. पण शेवटची तपासणी एखाद्या कर्णबधिर व्यक्तीकडूनच करून घ्या.

दाखवायची कशी

नवी करण्याआधी तयार काय आहे ते बघा. दीक्षा पोर्टलवर शिक्षकांसाठी साहित्य आहे, आणि पीएम ई-विद्याची 31 क्रमांकाची वाहिनी सांकेतिक भाषेसाठी आहे. तिथे असलेलं पुन्हा करण्यात वेळ घालवू नये.

केंद्र शिक्षण परिषदेत (जवळपासच्या शाळांमधल्या शिक्षकांच्या बैठकीत) मी फिल्म आधी आवाज बंद करून दाखवते आणि एवढंच विचारते: शिक्षकाने काय काय केलं? पहिली उत्तरं मुलाबद्दलच येतात, 'बिचारा प्रयत्न करतोय'. पुन्हा लावते. हळूहळू हात, बसण्याची जागा, थांबणं दिसू लागतं. मग आवाजासह. मग जोड्या करून प्रत्येकाने शेजाऱ्याच्या शर्टावर करून बघायचं, डाव्या हाताने. हसतात, पण बटण ओढायला किती जोर लागतो ते बोटांना कळतं. निघताना प्रत्येकाने आपल्या वर्गातलं मूल आणि पहिला टप्पा वहीत लिहायचा. पुढच्या भेटीत मी तेच पान उघडते.

पाड्यावर रेंज नसते, म्हणून पेन ड्राइव्ह. व्हॉट्सॲपवर पाठवायची तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, व्हिडिओ म्हणून पाठवली की दाबली जाऊन बोटं धूसर होतात. पाठवायची ती एकेका शिक्षकाला, गटावर नाही. यूट्यूबवर सार्वजनिक तर मुळीच नाही, मग कितीही लोक 'छान उपक्रम' म्हणोत.

फिल्म पक्की झाली की न वापरलेले तुकडे त्याच आठवड्यात पुसा. फोनमधून पुसून भागत नाही: गुगल फोटोजची स्वयंचलित प्रत, कचरापेटीतली प्रत, आणि संकलन करणाऱ्या मुलाच्या संगणकातली प्रत, तिन्ही तपासा. चित्रीकरणाला निघण्याआधीच ती स्वयंचलित प्रत बंद केली असेल तर एक काम कमी.