नाव तेच, पत्ता वेगळा: चिप डिझाइनचा डेटा सांभाळताना या चुका टाळा

काल उघडत होतं ते स्किमॅटिक (सर्किटची आकृती) आज उघडल्यावर निम्मे सिम्बॉल गायब. पहिली प्रतिक्रिया ठरलेली: टूल बंद करा, परत चालू करा, मग कॅड टीमला मेल. पण व्हर्च्युओसोसारख्या चिप डिझाइनच्या टूलमध्ये अशा वेळी बहुधा टूल बिघडलेलं नसतं, नाव भलत्याच पत्त्यावर गेलेलं असतं. ओपनअ‍ॅक्सेस डेटाबेसमध्ये (डिझाइन यात साठवलं जातं) एक सेल, म्हणजे सर्किटचा एक भाग, दुसऱ्या सेलला ओळखतो तो लायब्ररी, सेल आणि व्ह्यू (सेलचं रूप: स्किमॅटिक, सिम्बॉल किंवा लेआउट) या तीन नावांनी. डिस्कवरचा पत्ता त्यात नसतोच. तो असतो 'सीडीएस.लिब' नावाच्या साध्या टेक्स्ट फाइलमध्ये.

म्हणून टूल कुठल्याही डिरेक्टरीतून चालू करू नका. होम डिरेक्टरीत वर्षापूर्वीची सीडीएस.लिब पडलेली असेल आणि तुम्ही तिथूनच टूल उघडलंत, तर जुना प्रोजेक्ट नव्याच्या नावाने समोर येतो. शंका आली की लायब्ररीचा खरा पाथ आधी बघा, बाकी सगळं नंतर.

सर्वांत महाग पडणारी चूक म्हणजे टर्मिनलवर 'सीपी -आर' मारून लायब्ररीची कॉपी करणं. डिरेक्टरी नवी होते, पण आतले इन्स्टन्स (एका सेलमध्ये वापरलेले दुसरे सेल) जुन्या लायब्ररीचंच नाव धरून बसतात. मी स्वतः हे केलंय. कॉपीतल्या ऑपअ‍ॅम्पमध्ये दोन दिवस बदल करत होतो आणि सिम्युलेशनचा निकाल ढिम्म हलत नव्हता, कारण टेस्टबेंच (चाचणीचं सर्किट) जुन्याच ऑपअ‍ॅम्पला बोलावत होता. कॉपी लायब्ररी मॅनेजरमधूनच करा आणि इन्स्टन्स अपडेट करण्याचा पर्याय निवडायला विसरू नका. नंतर हायरार्कीत उतरून प्रत्येक पातळीवर लायब्ररीचं नाव वाचा. कंटाळवाणं आहे, पण दोन दिवसांपेक्षा स्वस्त.

सेल फक्त रीड मोडमध्ये उघडतोय? लगेच लॉक फाइल (सेल कोणीतरी वापरत असल्याची खूण) उडवू नका. आधी ती उघडा. कोणाचा लॉक, कुठल्या मशीनवर, कुठल्या प्रोसेसचा, हे तिच्यात लिहिलेलं असतं. ती प्रोसेस जिवंत असेल तर शेजारी खरोखरच काम करतोय. त्याला चहाला बोलवा. मेलेली असेल तरच लॉक काढा.

गिटवर श्रद्धा असलेल्यांसाठी एक सूचना: लेआउटची (चिपवरच्या आकारांच्या आराखड्याची) फाइल बायनरी असते. दोघांनी केलेले बदल गिट त्यात मर्ज करू शकत नाही. एका वेळी एकानेच चेकआउट करायचं (बदलासाठी ताब्यात घ्यायचं), दुसरा मार्ग नाही.

जीडीएस (चिप बनवण्यासाठी पाठवायची लेआउटची फाइल) काढताना नावांचा घोळ वेगळं रूप घेतो. 1970च्या दशकातल्या या फॉरमॅटला सेलचं नाव कळतं, तो सेल कुठल्या लायब्ररीतून आला हे कळत नाही. लेयरचीही नावं नसतात, फक्त आकडे. दोन आयपी ब्लॉकमध्ये (आयत्या मिळालेल्या सर्किटमध्ये) 'इन्व्ह' नावाचे दोन वेगळे इन्व्हर्टर असतील, तर मर्ज करताना एक दुसऱ्याची जागा बळकावू शकतो. ब्लॉकनुसार सेलच्या नावांना प्रीफिक्स लावा, आणि स्ट्रीम आउटच्या (जीडीएस काढण्याच्या) लॉगमधल्या वॉर्निंग वाचा. हो, सगळ्या.

पीडीकेचा (चिप बनवणाऱ्या कारखान्याने दिलेल्या डिझाइन किटचा) पाथ 'लेटेस्ट' नावाच्या सिमलिंकवर (दुसऱ्या पाथकडे बोट दाखवणाऱ्या लिंकवर) ठेवणं हाही त्यातलाच प्रकार. लिंक रात्रीतून सरकते आणि सकाळी कालचा स्वच्छ डीआरसी (लेआउटच्या नियमांची तपासणी) चुकांनी भरलेला दिसतो. पीडीके आणि टूल, दोन्हींचे व्हर्जन नंबर सेटअप स्क्रिप्टमध्ये स्पष्ट लिहा, आणि ती स्क्रिप्ट डिझाइनसोबतच चेक-इन करा.