दोर्दोन्यच्या घरातली ओल अशी घालवली

आमचा ब्रिटिश पासपोर्ट. ब्रेक्झिटनंतर फ्रान्समध्ये व्हिसाशिवाय १८० दिवसांत ९० दिवसच राहता येतं, त्यामुळे दोर्दोन्यमधलं आमचं दगडी घर बराच काळ बंद असतं. परत गेलं की भिंतींना पोपडे, चादरींना कुबट वास.

आधीच्या मालकाने आतून सिमेंटचा गिलावा केला होता. दगडमातीच्या भिंतीत चढलेली ओल त्यामागे कोंडून राहते. गावातल्या गवंड्याने तो पूर्ण खरवडला, भिंती उन्हाळाभर सुकू दिल्या, मगच चुन्याचा गिलावा केला. सुकण्यात अजिबात घाई करू नका! आपल्या जुन्या वाड्यांतही चुनाच असायचा की. बाहेर भिंतीलगत साचलेली मातीही फरशीच्या पातळीखाली उतरवली. वास गेला.

हिवाळ्याआधी निघताना पाण्याचा मुख्य कॉक बंद करून पाइप रिकामे करा, नाहीतर गोठून फुटतात.