टेल लॅम्पमध्ये पाणी? सिलिकॉनची ट्यूब आधी खाली ठेवा

नाशकात पहिला जोरदार पाऊस झाला की पुढच्याच आठवड्यात माझ्याकडे मागचे लॅम्प आतून घामेजलेल्या गाड्या यायला लागतात. वायरिंगची कामं करत इतकी वर्षं गेली, पण चुका त्याच. लोक पाणी कुठून येतं ते बघत नाहीत, थेट सिलिकॉनची (भेगा बुजवायची रबरासारखी) लुकण फासून बुजवायला घेतात.

आधी दव आणि पाणी यातला फरक ओळखा. टेल लॅम्प हवाबंद नसतोच. बल्ब तापला की आतली हवा फुगते, तिला बाहेर पडायला कंपनीनेच बारीक वाट ठेवलेली असते; तिला ब्रीदर म्हणतात. त्याच वाटेने बाहेरची दमट हवाही आत जाते. डिसेंबर-जानेवारीत रात्री काच गार पडली की त्या हवेतली वाफ काचेवर आतून धरते. सकाळी पातळ धूसर थर दिसला तर अर्धा-पाऊण तास लाईट लावून गाडी चालवा. थर विरळ होत गेला तर लॅम्पला काहीही झालेलं नाही, हात लावू नका. एलईडी लॅम्पमध्ये काचेपर्यंत ऊब फारशी पोचत नाही, तिथे जास्त वेळ लागतो. मात्र थेंब ओघळत असतील किंवा तळाशी पाणी हिंदकळत असेल, तर ती गळतीच.

सिलिकॉन फासणं

ही चूक बघून माझा जीव जळतो. मागच्या श्रावणात एक गाडी आली. मालक रोज त्र्यंबक रोडने ये-जा करणारे. तक्रार अशी की ब्रेक दाबला की एका बाजूचा इंडिकेटर मंद पेटतो आणि त्याच बाजूची ब्रेक लाईट मात्र जेमतेम. लॅम्प काढून उलटा धरला तर अर्धा कप भरेल एवढं गढूळ पाणी निघालं. होल्डरची पितळी पट्टी हिरवी पडली होती, आतला चंदेरी मुलामा पापुद्रे धरून सुटला होता. अर्थिंगची, म्हणजे करंट परत जायची, जोडणी गंजली की करंट दुसऱ्या बल्बमधून वाट काढतो, म्हणून तो इंडिकेटर पेटत होता.

काचेच्या कडेने सगळीकडे सिलिकॉनचा जाड थर होता. बाथरूमला वापरतात तेच, लावताना व्हिनेगरसारखा वास येतो ते. तो वास आम्लाचा असतो. बंद लॅम्पमध्ये त्याची वाफ कोंडली की पितळ आणि मुलामा दोन्ही खराब होतात. त्यात त्यांनी तळाचा ब्रीदरही बुजवला होता. म्हणजे आत गेलेल्या पाण्याला निघायला जागाच उरली नाही.

आणि पाणी काचेकडून येतच नव्हतं! जूनमध्ये त्यांनी घरीच बल्ब बदलला होता. तेव्हा होल्डरची रबरी रिंग निघाली आणि परत बसवायची राहिली. त्या गाडीत होल्डर बॉडीच्या खोबणीत, पाण्याच्या वाटेवरच येतो. ती रिंग मला डिकीत जॅकशेजारी सापडली. एका रिंगपायी अख्खा लॅम्प बदलावा लागला. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे हा माणूस पावसात, धुक्यात, जेमतेम पेटणाऱ्या ब्रेक लाईटवर गाडी चालवत होता. मागच्याला काय दिसणार?

म्हणून माझी सवय सांगतो. लॅम्प खोलला की काढलेली प्रत्येक रिंग, प्रत्येक नट एका ताटलीत. बसवून झाल्यावर ताटली रिकामी आहे ना, ते बघायचं.

भोक पाडणं

"तळाला ड्रिलने एक भोक मारा, पाणी आपोआप निघून जाईल." हा सल्ला देणाऱ्यांना एवढंच विचारा, त्या भोकातून आत काय जाईल? लॅम्प तापलेला असतो, वरून गार पाणी पडतं, आतली हवा आकसते आणि पाणी आत ओढून घेते. चाकाने उडवलेला चिखलही त्याच भोकातून जातो. लांबचा प्रवास करून आल्या आल्या गाडी प्रेशर वॉशरखाली घालू नका म्हणतात, त्याचं कारणही हेच.

हीट गन तर हातातही घेऊ नका, काच म्हणजे प्लास्टिकच असतं, वेडंवाकडं होतं. पेट्रोल किंवा थिनरने काच पुसली तर बारीक तडे जातात. सिलिका जेलची, म्हणजे ओलावा शोषणारी, पुडी आत टाकून ठेवली आणि ती बल्बला टेकली तर वितळते. नट करकचून आवळले तर प्लास्टिकचे खुंट तुटतात.

मी कसं करतो

वॉरंटी चालू असेल तर लॅम्प उघडू नका, आधी सर्व्हिस सेंटरला दाखवा. नसेल तर लॅम्प काढा, बल्ब काढा, भोकं खाली करून रात्रभर पंख्याखाली ठेवा. घाईच असेल तर हेअर ड्रायरची कोमट हवा होल्डरच्या भोकातून द्या. पण कोरडा झाल्याशिवाय काहीही चिकटवू नका. एक रात्र थांबवत नाही, त्यालाच आठ दिवसांनी परत यावं लागतं.

साधा बल्बचा लॅम्प असेल तर सगळी भोकं टेपने बंद करून तो कोमट पाण्यात बुडवा. आतली हवा फुगते आणि जिथून गळती आहे तिथून बुडबुडे येतात. तिथे मार्करने खूण करा. आत सर्किट असलेला एलईडी लॅम्प मात्र कधीही बुडवू नका. केसासारखी चीर असेल तर न्यूट्रल क्युअर लिहिलेलं, म्हणजे आम्लाची वाफ न सोडणारं, सिलिकॉन फक्त त्या चिरेवर लावा आणि चोवीस तास हात लावू नका. टेप सगळी काढा, ब्रीदर मोकळा करा. होल्डरच्या पट्ट्या बारीक पॉलिश पेपरने घासा. ब्रेकचा बल्ब दोन फिलामेंटचा, २१ आणि ५ वॅटचा असेल, तर त्याच्या पिना वरखाली असतात. जात नसेल तर दाबू नका, फिरवून बघा.

लॅम्प कोरडा आणि डिकी ओली असेल, तर दोष लॅम्पमागच्या गास्केटचा, म्हणजे लॅम्प आणि बॉडीमधल्या मऊ पट्टीचा. मी मागची सीट पाडतो, आतून गास्केटभोवती टाल्कम पावडर भुरभुरतो आणि बाहेरून कुणाला तरी पाच मिनिटं नळीने पाणी सोडायला सांगतो. पावडरमध्ये पाण्याची रेघ उमटते. ती वर जिथून सुरू झाली, तिथे ब्यूटाइल टेप, म्हणजे चिकट रबरी पट्टी, लावायची. गास्केट कडक झालं असेल तर ते नवीनच टाकायचं. मग स्पेअर व्हील उचलून खालच्या खळग्यातलं पाणीही पुसून घ्यायचं.