घरी चाकूला धार लावायचा जिग बनवताय? या चुका टाळा

व्हिडिओ बघून सेम टू सेम जिग बनवला, दगड पण चांगला घेतला, तरी टोमॅटोच्या सालीवरून चाकू सटकतोय, ही तक्रार फार कॉमन आहे. आणि त्यावर लोकांचा पहिला उपाय काय, तर अजून महाग डायमंड प्लेट, म्हणजे हिऱ्याची पूड बसवलेली धार लावायची पट्टी मागवायची. अहो दगडाचा दोष क्वचितच असतो, कोन हलत असतो. जिग म्हणजे काय, तर चाकूचं पातं क्लॅम्पमध्ये आवळलेलं, दगड एका रॉडवर बसवलेला आणि तो रॉड उभ्या खांबावरच्या भोकातून मागेपुढे सरकतो. त्याचं कामच मुळात एवढं एकच आहे, प्रत्येक स्ट्रोकला दगड त्याच कोनात धारेवर आला पाहिजे, आणि तेच होत नसेल तर एवढा खटाटोप करण्यापेक्षा हाताने निसण्यावर पाजवलेलं परवडलं.

सुरुवात रॉड जिथून सरकतो तिथून करा. बरेच जण लाकडात किंवा अॅल्युमिनियमच्या अँगलमध्ये भोक पाडतात, रॉड ८ एमएमचा आणि भोक ९ चं, कारण तो वरखाली आणि डावीउजवीकडे पण फिरायला हवा ना. आता भोकापासून धारेपर्यंतच्या २०० एमएम अंतरावर १ एमएमची ढिलाई म्हणजे पाव डिग्रीच्या थोडं वर, ऐकायला किरकोळ वाटतं, पण लाकडातलं भोक घासून मोठं होत जातं, त्यात होल्डरमध्ये दगड थोडा हलतोय, क्लॅम्प थोडा हलतोय, सगळं मिळून दोन-तीन डिग्री कधी होतात कळत पण नाही आणि धार टोकदार व्हायच्या ऐवजी गोल होते. बेअरिंगच्या दुकानात ८ एमएमचा रॉड एंड मागा, आत सगळीकडे फिरणारा भोकाचा गोळा असलेला मिळतो, त्या भोकातून रॉड सरकवायचा, पुण्यात बोहरी आळीच्या बाजूला किंवा मुंबईत नागदेवी स्ट्रीटला फिरलात तर हे आणि बाकीचं सामान पण एका चकरेत होऊन जाईल. घेताना दुकानातच गोळा हलवून बघा, खडखड वाजत असेल तर दुसरा मागा, लाजू नका.

रॉडच्या बाबतीत अजून एक, सरकणारा रॉड आट्यांचा घेऊ नका. स्वस्त पडतो म्हणून लोक घेतात, मग त्याचे आटे कानशीसारखे गोळ्याला आतून खात बसतात आणि प्रत्येक स्ट्रोकला हाताला खरखर लागते ती वेगळीच. थ्री डी प्रिंटरला लागतो तो गुळगुळीत रॉड घ्या. आट्यांचा रॉड उभ्या खांबाला मात्र एकदम बेस्ट, १० एमएमच्या साध्या स्टडला नट एक आटा फिरवला की उंची दीड एमएम बदलते, म्हणजे २०० एमएमवर साधारण ०.४ डिग्री, एवढी बारीक सेटिंग घरच्या जिगला फुकटात मिळते.

आता कोनाचा हिशोब, इथे तर हुशार माणसं पण गंडतात. गोळ्याची उंची भागिले धारेपासून त्याचं अंतर, टॅन काढला, २०० एमएमवर २० डिग्रीसाठी ७३ एमएम उंची आली, लावून टाकलं. पण ती उंची टेबलापासून नाही तर धारेच्या लेव्हलपासून मोजायची असते, आणि दुसरं म्हणजे दगडाचं तोंड रॉडच्या सेंटरपासून जितकं खाली तितका कोन कमी होतो, १० एमएम खाली असेल तर तुमचे २० डिग्री प्रत्यक्षात १७ च्या आसपास येतात. त्यामुळे दगड बदलला आणि नवा ५ एमएम जाड निघाला की जवळपास सव्वा डिग्रीचा फरक पडलाच, मग १००० नंबरचा बारीक दगड धारेला टेकतच नाही आणि आपण घासत बसतो. कागदावरचा हिशोब फक्त सुरुवातीला, नंतर छोटा डिजिटल अँगल गेज घ्या, पात्यावर ठेवून झिरो करा, मग दगडावर ठेवून वाचा, आणि दगड बदलला की परत वाचा. भाजीच्या पातळ चाकूला एका बाजूने १५ ते २० डिग्री ठीक, हाडं तोडायच्या सुऱ्याला २५ कडे जा. स्वस्त मऊ स्टीलला १२ डिग्री देण्याच्या भानगडीत पडू नका, धार वळते.

गेज नसेल तर परमनंट मार्कर घ्या. धारेचा उतार काळा करा, दोनच हलके स्ट्रोक मारा आणि बघा. शाई फक्त अगदी धारेजवळची गेली तर कोन जास्त, फक्त वरची पाठीकडची गेली तर कमी, पूर्ण गेली तर बरोबर.

क्लॅम्पमध्ये मेन गडबड अशी की बहुतेक पाती पाठीकडून धारेकडे निमुळती असतात आणि क्लॅम्पचे जबडे समांतर, त्यामुळे पातं किंचित तिरकं बसतं आणि पलटवलं की दुसऱ्या बाजूचा कोन वेगळा. म्हणून कोन दोन्ही बाजूंनी मोजायचा. जबड्याला आतून चामड्याचा तुकडा लावला तर पकड पण बसते आणि ओरखडे पण नाहीत. नुसत्या मॅग्नेटवर चाकू ठेवायची आयडिया दिसते भारी, पण पातं सरकतं आणि लोखंडाचा सगळा कीस त्यालाच चिकटतो. आणि पातं दर वेळी तितकंच बाहेर काढा, पाठ क्लॅम्पमध्ये आणि खांब मागे असेल तर अंतर २०० चं २२० झालं की १५ डिग्रीचे पावणेचौदा होतात, तेव्हा प्रत्येक चाकूचं माप जिगलाच पेनाने लिहून ठेवा.

टोकाकडे धार येत नाही म्हणून लोक घाबरतात. सरळ धारेवर कोन बदलत नाही, दगडाला रॉडभोवती फिरायची मोकळीक असेल तर, बदलतो तो जिथे पातं वळतं तिथे. लांब चाकू असेल तर क्लॅम्प थोडा टोकाकडे सरकवून मार्करने परत चेक करा, बस.

जोर लावायचा नाही, जोर लावला की रॉड पण वाकतो आणि पातळ पातं पण. आणि बर आल्याशिवाय पुढच्या बारीक नंबरच्या दगडावर जाऊ नका, म्हणजे एका बाजूने घासल्यावर दुसऱ्या बाजूला जी बारीक खरखरीत कड वळते ती पूर्ण लांबीभर लागली पाहिजे, अंगठा पाठीकडून धारेच्या बाहेर न्यायचा, धारेवरून लांबीत कधीच नाही. काचेच्या पट्टीवर वॉटर पेपर चिकटवून काम करत असाल तर धारेच्या दिशेने ढकलू नका, पेपर फाटतो, फक्त धारेपासून बाहेर ओढा.

बेस एमडीएफचा करू नका, दगडाचं पाणी आणि आपला पावसाळा, दोन महिन्यांत फुगतो आणि खांब कलतो. १८ एमएम वॉटरप्रूफ प्लाय घ्या आणि सी क्लॅम्पने टेबलाला आवळा. रॉडवर एक स्टॉपर कॉलर, म्हणजे दगडाला अडवणारी कडी पण हवीच, नाहीतर दगड धारेवरून मागे निसटला की बोटं सरळ पात्यावर.

विळीला धार लावता येईल का हे सगळेच विचारतात. या जिगवर नाही, पातं बाकाला फिक्स आणि वळणदार असतं, तिला गोल कानस नाहीतर हातातला छोटा दगडच बरा.